कमरेची घुंगरं

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला तो शोधून काढायचे कष्ट नकोत. भाजीवाल्याने तराजू उचलला की मी भाजीकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. त्यातून नोकरी विमा कचेरीतली, दावे तपासायची. लोकांनी लिहून दिलेलं वाचायचं आणि त्यांनी काय लिहिलं नाही ते हुडकायचं, हे मी तेव्हा अकरा वर्षं करत होते. संध्याकाळी घरी येताना पर्स सोबत यायची तसे ते डोळेही सोबत यायचे. नवरा म्हणायचा, तुला देव भेटला तरी आधी त्याचं रेशनकार्ड मागशील. मागेन की.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहराबाहेर नव्याने उभ्या राहणाऱ्या एव्हरशाईन सिटीत आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. जिन्याला अजून रंग लागायचा होता आणि पाणी टँकरने यायचं. मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा माझी उरलीसुरली रजाही संपली. सासूबाई चिपळूणकडे, त्यांचे गुडघे तीन मजले चढू देईनात. माझी आई भावाच्या जुळ्यांत अडकलेली. कचेरीतल्या बायका म्हणाल्या, पाळणाघर बघ. मी तीन बघितली. एका ठिकाणी मुलं फार शांत होती, दुसऱ्या ठिकाणी फार रडत होती, आणि तिसऱ्या ठिकाणी सगळं अगदी हवं तसं होतं, म्हणून मला तिथला सगळ्यात जास्त संशय आला.

शेवटी शेजारणीने जवळच्याच गोखिवरे गावातल्या एक मावशी सुचवल्या. पन्नाशी उलटलेल्या, आगरी घरातल्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा नट-बोल्टच्या गाळ्यात कामाला, त्याचं लग्न व्हायचं होतं. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता त्या जमिनीवर आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा उभ्या होत्या. घर कौलारू, दोन कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये कसंबसं टिकून राहिलेलं, पण सारवलेलं आणि स्वच्छ. शेजारीण म्हणाली, फार मायेनं सांभाळतात. मायेचा पुरावा कागदावर मिळत नाही, एवढं मी मनात म्हटलं आणि तरी गेले.

पहिल्याच भेटीत मावशींनी मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, भुवया, नाक, मग दोन्ही कान, ओठ, हनुवटी. सावकाश, एकेक जागा घेत. कानांशी त्यांची बोटं जरा जास्त थांबली असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी मुलीच्या कानातल्या सोन्याच्या बाळ्या काढून कपाटात ठेवल्या.

माझ्याकडे एक पुस्तक होतं, बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत त्याच्याशी कसं खेळावं यावरचं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, परदेशी बाळांच्या गोऱ्या गोऱ्या फोटोंचं. त्यातून मी फुलस्केपवर मराठीत वेळापत्रक उतरवून काढलं होतं. साडेनऊला चित्रांची कार्डं दाखवणे. दहाला रंगीत कड्या दांडीत घालणे. साडेदहाला आरशात स्वतःचं तोंड दाखवणे. सोबत खेळण्यांची पिशवीही भरून दिली, सगळी नवीन, दादरहून आणलेली. मावशींनी तो कागद हातात घेतला, त्याची घडी घातली आणि देवाच्या तसबिरीमागे खोचली. म्हणाल्या, वाचता येत नाही, तुम्हीच सांगा. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मान एका बाजूला कलती करून ऐकलं आणि शेवटी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही वेळ न चुकवता, मला परत म्हणून दाखवलं. एखादी आई यावर खूश झाली असती. मला वाटलं, इतकं पाठ करणारी बाई दुसरंही बरंच काही पाठ करून ठेवत असेल.

आणखी एक गोष्ट. बोलताना त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नसत. माझ्या खांद्याच्या वर, कुठेतरी दाराच्या चौकटीकडे बघून बोलत. डोळ्याला डोळा न देणारी माणसं मी रोज टेबलाच्या पलीकडे बघत होते. पाल चुकचुकली ती तिथेच.

मग मी तपास सुरू केला. चित्रकार्डांच्या डब्याच्या झाकणावर, कडेला, माझ्या डोक्याचा एक केस चिकटवून ठेवला. डबा उघडला की केस तुटणार. आठवड्याने बघितलं तर केस जसाच्या तसा. रंगीत कड्याही दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या. आरशावर बोटाचा ठसा नाही. म्हणजे मावशी मुलीला ठेवून घेतात, पण तिच्याशी खेळत काही नाहीत, हे सिद्ध झालं. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, मुलगी रडते का तिकडे? रडत नव्हती, तोच तर प्रश्न होता. सकाळी मावशींची चाहूल लागली की ती माझ्या कडेवरून अर्धी बाहेर झुकायची. संध्याकाळी घरी आणली की गुडघे काळे, नखांत माती, केसांना लाकडाच्या धुराचा वास, आणि रात्री जी झोपायची ती सकाळपर्यंत. आमची मुलगी नऊ महिने आम्हाला धड झोपू देत नव्हती, ती एकाएकी अशी झोपायला लागली कशी?

मला उत्तर माहीत होतं. अफू. पूर्वी शेतावर जाणाऱ्या बाया लेकराला अफूची गोळी चाटवून झोळीत टाकायच्या, हे मी आजीकडून ऐकलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठायला मला तेवढं सूत पुरलं. मुलीला घेऊन मी मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टॉर्च लावून तिचे डोळे बघितले, वजन केलं, तिच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवला. ती गर्रकन वळली आणि त्या जुडग्याकडे झेपावली. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, उलट हिचे कान फार तयार आहेत, घरी कुणी गाणंबिणं करतं का? आमच्या घरात गाणं म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांआधीचं संगीत. पुढे कळलं की डॉक्टर गोखिवऱ्याचेच जावई, तेव्हा त्यांच्या म्हणण्यालाही मी निम्मेच गुण दिले.

एका शनिवारी मी मुद्दाम थांबले. म्हटलं, मावशी, दिवसभर काय काय खेळता ते मला जरा दाखवा, म्हणजे रविवारी आम्हीही खेळू. त्या लाजल्या. मग त्यांनी पावडरचा रिकामा डबा काढला, त्यात चिंचोके भरलेले आणि तोंड फडक्याने शिवून टाकलेलं. तो त्यांनी ओटीच्या एका कोपऱ्यात वाजवला आणि लपवला पदराखाली. मुलगी रांगत तिथे. मग दुसऱ्या कोपऱ्यात टाळी. मुलगी तिथे. पाण्याने अर्धी भरलेली परात, एक वाटी आणि एक भोकं पडलेली जुनी गाळणी, एवढ्यावर पाऊण तास गेला. भरायचं आणि ओतायचं, भरायचं आणि ओतायचं. मधेच त्यांनी ओव्याचं पान चुरगळून तिच्या नाकाशी धरलं, मग लिंबाचं, आणि मुलगी दोन्हीला वेगवेगळं तोंड करून हसली. ताटलीत पसरलेले चुरमुरे चिमटीने एकेक उचलून ती मावशींच्या तोंडात घालत होती, आणि दर वेळी आधी बोटांनी त्यांचे ओठ शोधत होती.

मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण मी बघत होते मावशींकडे. सगळा वेळ त्या वर कौलांकडे तोंड करून बसल्या होत्या. पोरीशी खेळताना पोरीकडे एकदाही बघितलं नाही. मी स्वतःला म्हटलं, हिचं मन इथे नाही, माझ्यासमोर नाटक चाललंय.

वर्षाची झाल्यावर एक नवीनच काळजी सुरू झाली. पुस्तकात लिहिलं होतं की या वयात मूल बोट दाखवून वस्तू मागतं. आमची बोट दाखवत नव्हती. तिला काही हवं असलं की ती माझा हात धरायची, ओढत न्यायची आणि माझा तळवा त्या वस्तूवर नेऊन टेकवायची. काही द्यायचं असलं तर समोर धरायची नाही. आधी माझी मूठ उघडायची, वस्तू तळहातावर ठेवायची आणि मग माझी बोटं एकेक करून मिटवायची. मी हसले की माझ्या गालाला हात लावून खात्री करून घ्यायची. नवरा म्हणायचा, काय गोड करते बघ. मला त्यात गोड काही दिसेना. हे तिला कुणीतरी शिकवलं होतं आणि का शिकवलं होतं ते मला समजत नव्हतं. जे समजत नाही त्याला मी चांगलं म्हणत नाही.

आणि मग घुंगरं. एक दिवस कपडे बदलताना मुलीच्या कमरेला काळा करदोडा दिसला, त्यात ओवलेली दोन बारीक पितळी घुंगरं. तिने नुकतं पाऊल टाकायला सुरुवात केली होती, आणि प्रत्येक पावलाला ती किणकिणत होती. मला न विचारता माझ्या मुलीच्या अंगाला दोरा बांधलेला. पुस्तकात ठळक अक्षरांत होतं की लहान मुलाच्या अंगावर सुटी होणारी बारीक वस्तू ठेवू नये, घशात अडकते. ते कारण मी नवऱ्याला सांगितलं. खरं कारण निराळं होतं, ते सांगायला लाज वाटत होती. मला त्या काळ्या दोऱ्याचीच भीती वाटली. शिकलेली बाई मी, पण मनात आलं की या बाईने माझ्या मुलीला बांधून घेतलंय.

मी तो सोडून टाकला. दुसऱ्या दिवशी दारात पाऊल ठेवल्याबरोबर, मुलीला खाली उतरवायच्या आत, मावशींनी विचारलं की घुंगरं कुठे गेली. मी म्हटलं, आंघोळीत सुटली. संध्याकाळी नवा करदोडा. मी तोही सोडला. तिसरा आला तो असा आवळ गाठीचा की नखांनी सुटेना. मावशी एवढंच म्हणाल्या, असू द्या ना ताई, पोरीची जात, नादात बरी वाटते. इतक्या साध्या गोष्टीसाठी कुणी एवढा हट्ट धरतं का? मी तेव्हाच ठरवलं की आता आडून बघायचं. अर्धी रजा टाकायची, कामावर निघाल्याचं दाखवायचं आणि तासाभराने न सांगता परत यायचं.

जानेवारीतला दिवस होता. मुलीच्या दाढा येत होत्या, रात्रभर कुरकुरली होती आणि पहाटे गाढ झोपली. झोपेतच तिला स्वेटर चढवताना करदोडा हाताला लागला. मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि तो कापला. घुंगरं खिडकीतून खाली टाकली. गोखिवऱ्याला पोचेपर्यंत ती खांद्यावर झोपलेलीच होती. मावशींच्या ओटीवर गोधडी अंथरली होती, त्यावर मी तिला अलगद ठेवलं आणि वर शाल घातली. दबक्या आवाजात म्हटलं, आत्ताच झोपलीय, उठवू नका, हातही लावू नका. मावशींनी मान हलवली. त्या गावातल्या घरांना दिवसा दार लावायची पद्धत नव्हती, ते तसंच उघडं होतं.

नाक्यावर देवळाच्या पायरीवर मी तासभर बसले. काय काय सापडेल याची मनात उजळणी केली. अफूची डबी, झोळीला करकचून बांधलेली पोरगी, घरात भलतीच माणसं. मग उठले आणि पुढच्या रस्त्याने न जाता गाळ्यांच्या मागच्या बोळातून निघाले.

बोळात एक टेम्पो उभा होता. त्याच्या मागच्या चाकाला टेकून माझी मुलगी बसली होती. ऑईलने काळी झालेली माती ती बाटलीच्या बुचात भरत होती आणि ओतत होती, भरत होती आणि ओतत होती. ड्रायव्हर पुढे बसला होता. मी धावले आणि तिला उचललं, आणि दोन-तीन क्षणांनी टेम्पो सुरू होऊन निघून गेला. त्याला मुलगी दिसलीच नव्हती, मीही दिसले नसेन.

मी तिचे हातपाय चाचपून बघितले. पण खोटं कशाला सांगू, त्या भीतीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. मी बरोबर होते, ही. अकरा महिने जे कुणाला पटत नव्हतं ते माझ्या हातात होतं. तशीच, मुलीला कडेवर घेऊन, मी मावशींच्या दाराशी गेले. काय बोलायचं ते वाटेतच ठरलं होतं.

मावशी अंगणात होत्या. हातात वाटी आणि चमचा, आणि ती वाजवत त्या भिंतीच्या कडेकडेने चालल्या होत्या. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, मान कलती करून ऐकायच्या, परत वाजवायच्या. वाकून त्यांनी पाण्याच्या पिंपामागे हात फिरवला. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालून चाचपलं. हाताला खिळा की काय लागून रक्त येत होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मग माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्या वळल्या आणि सरळ माझ्या दिशेने आल्या. आमच्यात चार हातांचं अंतर असेल. स्वच्छ ऊन होतं आणि मुलगी माझ्या कडेवर होती.

"कोन हाय?" त्या म्हणाल्या. "पोर दिसली का गो कुठं? लाल सेटर घातलेली?"

मुलीच्या अंगात हिरवा स्वेटर होता. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. कार्डांच्या डब्यावरचा केस, कोरा आरसा, कौलांकडे वळलेलं तोंड, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

अशा वेळी माणूस काय करतं? हाक मारतं. मी मारली नाही. त्यांना खरंच दिसत नाही ना, की हेही नाटक आहे, याची खात्री करायला मी उभी राहिले. मी श्वाससुद्धा हळू घेतला. समोरची बाई रक्ताळलेल्या हाताने परत वाटी वाजवायला लागली होती, आणि मी तिची तपासणी करत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला आयुष्यात कशाची लाज वाटत असेल तर त्या वेळाची.

मुलीनेच तो संपवला. वाटीचा आवाज ऐकून तिने हात पुढे केले आणि हुंकार दिला. मावशी पुढे झाल्या. त्यांचे हात मुलीच्या तोंडावर गेले, कपाळ, नाक, कान, ओठ, आणि त्या जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. मुलगी त्यांच्या मांडीवर उतरली तेव्हा त्यांचा हात तिच्या कमरेशी गेला, स्वेटरच्या आत, पुढून मागे, परत पुढे.

"घुंगरू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुटून पडलं असेल कुठेतरी."

"माझीच गाठ सैल ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "मी कान लावून बसलेली. वाजलं नाय, म्हनून म्हटलं पोर झोपलीय."

 सांगण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते मी गिळलं. उलट आवाज चढवला, टेम्पोचं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. डोळ्यांचं का लपवलंत म्हणून विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू. उजेड आणि सावली कळायची, माणूस उभा आहे की खांब ते हललं तरच कळायचं. कुणीतरी सांगितलं होतं की मोतिबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, म्हणून त्या तो पिकायची वाट बघत होत्या. घराची त्यांना इंच न् इंच सवय होती. मुलाला वाटायचं आईला थोडं अंधुक दिसतं. "तुम्हाला सांगितलं असतं तर पोरगी दिली असती का?" त्या म्हणाल्या. नसती दिली. कुठल्या आईने दिली असती? त्यांनी लपवलं ही त्यांची चूकच होती, आणि माझा संशय खरा होता. तरीही अकरा महिने त्या घरात माझ्या मुलीला ओरखडा उठला नव्हता, आणि ज्या दिवशी जीव जायची वेळ आली त्या दिवशी ती माझ्या कात्रीने आणली होती. दोन्ही खरं आहे, आणि मी त्या अंगणात त्यातलं निम्मंच बोलले.

त्या महिन्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मुलीला मी आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या पाळणाघरात घातलं, त्याच तिसऱ्या, सगळं हवं तसं असणाऱ्या. तिथे भिंतींवर रंगीत प्राणी होते. दोन-तीन महिन्यांत ती बोट दाखवायला लागली आणि माझी मूठ उघडून वस्तू देणं विसरली. मला ते फार लागलं, पण तक्रार कुणाकडे करणार?

दीड वर्षाने शेजारणीने सहज सांगितलं. मावशींच्या मुलाचं लग्न झालं होतं, त्याला मुलगा झाला होता, चार महिन्यांचा. सुनेने मावशींना डोळ्यांच्या शिबिरात नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशनही करून आणलं होतं. पण बाळ ती त्यांच्याकडे देत नव्हती. टेम्पोची गोष्ट तिच्या कानावर गेली होती, सगळ्या गल्लीला माहीत होती. आणि मावशी कुरकुरत नव्हत्या, उलट स्वतःच म्हणायच्या की माझ्या हाताचा भरवसा नाही, नको. त्यांनी सांभाळलेल्या मुलांची शेजारीण मोजदाद करत होती आणि मी भाजी निवडता निवडता थांबले होते.

तीन रविवार मी ठरवलं आणि तीन रविवार टाळलं. चौथ्या रविवारी गेले. मावशी ओटीवर बसल्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावून. शेजारी छताला झोळी टांगलेली, तिच्यात बाळ कुरकुरत होतं, आणि मावशी झोळीची दोरी ओढत होत्या, दोरीच फक्त. माझा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तुम्ही अशा दिसता होय? मी उंच समजत होते." मुलीची चौकशी केली. काय खाते, काय बोलते. मी सगळं सांगितलं. मग मी ते वाक्य बोलले. त्या दिवशी घुंगरं मी कापली होती, ती झोपेत असताना, स्वेटर घालताना. तुमची गाठ सैल नव्हती.

त्यांच्या हातातली दोरी थांबली.  मी वाट बघत होते की त्या शिव्या देतील, निदान का म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"हे मला सांगून काय करू ताई?" त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला सांगा."

सून मागे मोरीत भांडी घासत होती. तेवीस-चोवीस वर्षांची, तरतरीत. मी तिला पहिल्यापासून सांगितलं, काही न गाळता, करदोडे किती सोडले, कात्री कुठली, घुंगरं कुठे टाकली. अंगणात गप्प उभी राहिले तेही सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आईंनी बोलावलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, मी आपणहून आले.

"दीड वर्षानं?"

 मी परत सांगायला लागले, शपथ घ्यायला लागले, आणि जसजशी बोलत गेले तसतसं माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. पुरावा तर काहीच नव्हता. घुंगरं मीच खिडकीबाहेर टाकली होती.

"स्वतःच्या पोरीच्या अंगावरचं कापून कोन कशाला लपवंल?" सून म्हणाली. आवाजात राग नव्हता, समजूत घातल्यासारखं ती बोलत होती. "म्हातारीची दया आली, म्हनून तुम्ही आपल्या अंगावर घेताय. चांगल्या हायत तुम्ही. पन माझं एकच पोर हाय, ताई."

ती ओटीवर गेली. बाळ आता जोरात रडत होतं. मावशींनी आमचं सगळं ऐकलेलं होतं. सून झोळीशी वाकली तेव्हा त्यांनी दोरीवरचा हात काढून घेतला, आणि तिला नीट उचलता यावं म्हणून त्या जरा मागे सरकून बसल्या.